शेलच्या चिकणमातीचा माळ: पाणी मुरत नाही, गवत धरत नाही

तक्रार ठरलेली असते. उंचवट्यावरचा गवताळ माळ, खाली शेल खडक, वर राखाडी किंवा शेवाळी झाक असलेली चिकणमाती. कोरड्या दिवसांत हात जाईल एवढ्या भेगा. पहिल्या पावसाचे पाणी भेगा गिळतात आणि दोन-तीन पावसांनंतर तेच पाणी गढूळ होऊन उताराने धावत सुटते. उताराच्या खांद्यावर एक उघडे ठिगळ असते. तिथे बी टाकले जाते, ते उगवतेही. पुढच्या वर्षी ठिगळ तिथल्या तिथे, फक्त थोडे रुंदावलेले.

मग कोणी जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) सुचवतो, कोणी खोल नांगरट, कोणी शेणखत. तिन्ही उपाय बरोबर ठरू शकतात आणि तिन्ही वाया जाऊ शकतात, कारण या एका लक्षणामागे निदान पाच वेगळी कारणे असतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला बाधते. खर्च करण्याआधी अर्ध्या दिवसाचे खोदकाम आणि काचेच्या पेल्यात पावसाचे पाणी, एवढ्यावर बहुतेक निदान होते.

ही माती अशी का वागते

शेल म्हणजे समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी साचून दबलेला बारीक गाळ. तो झिजला की पुन्हा गाळच होतो, म्हणून या मातीत चिकणमातीचे कण, म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक, बऱ्याचदा ५० ते ६० टक्के किंवा त्याहून जास्त असतात. या प्रकाराचे सगळ्यांत मोठे उदाहरण उत्तर अमेरिकेच्या ग्रेट प्लेन्सवर, साउथ डकोटा आणि शेजारच्या राज्यांत आहे. तिथला पिअर शेल सुमारे ८ ते ७ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचला आणि १८६२ मध्ये मीक आणि हेडन या भूशास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिले. त्यात ज्वालामुखीच्या राखेचे थर बेंटोनाइट होऊन बसले आहेत. त्यामुळे वरच्या मातीत स्मेक्टाइट गटाची, म्हणजे फुगणारी खनिजे भरपूर.

स्मेक्टाइटच्या एका ग्रॅममधल्या कणांचा एकूण पृष्ठभाग ६०० ते ८०० चौरस मीटर भरतो. धन आयन विनिमय क्षमता, म्हणजे कॅल्शियम, सोडियमसारखे धन आयन धरून ठेवण्याची ताकद (अहवालातली सीईसी), शुद्ध स्मेक्टाइटची दर १०० ग्रॅमला ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट असते; न फुगणाऱ्या केओलिनाइटची जेमतेम ३ ते १५. पाणी या खनिजांच्या थरांमध्ये शिरते, म्हणून ओली माती फुगते आणि वाळली की आकसते.

बेसाल्टपासून झालेली काळी मातीही स्मेक्टाइटचीच, तीही भेगाळते. पण ‘काळ्या मातीत चालले ते इथेही चालेल’ ही समजूत इथे फसवते. सागरी शेल आपल्यासोबत समुद्राचे सामान घेऊन येतो: सोडियम, सल्फेट, पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) आणि काही थरांत सेलेनियम. फुगण्याचा स्वभाव दोघींचा सारखा, क्षारांचा हिशेब निराळा.

आधी खड्डा

फावडे, पहार, मोजपट्टी, सुरी, पावसाच्या पाण्याची बाटली आणि १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपरची कुपी घ्या. आम्ल हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. खड्डा ६० बाय ६० सेंटिमीटर, खोली एक मीटर किंवा शेल लागेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. जमीन वाफशावर असताना खणा. सुकलेली असेल तर पहार उसळते, ओली असेल तर फावड्याने बाजू लिंपल्या जातात आणि आतली घडण दिसत नाही.

खड्डे चार: माथ्यावर एक, ठिगळात एक, ठिगळापासून तीन-चार मीटरवरच्या धड गवतात एक आणि उताराच्या पायथ्याशी एक. ठिगळ आणि शेजारचे गवत ही जोडी सगळ्यांत बोलकी. फक्त ठिगळात खणून ‘माती वाईट आहे’ असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. शेजारी तीच माती निघाली तर दोष मातीत नाही, मातीवर जे घडले त्यात आहे.

बाजूची भिंत सुरीच्या टोकाने उचकटून वरून खाली वाचत या. वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये ज्वारीएवढे मोकळे दाणे दिसतात की बिस्किटासारखी सलग पपडी? दाणे असतील तर पृष्ठभाग जिवंत आहे. त्याखाली कोनदार ढेकळे लागतात. ४० सेंटिमीटरच्या आसपास ढेकळे पाचरीच्या आकाराची होतात आणि फोडल्यावर तिरकस, चकचकीत पृष्ठे उघडतात. त्यांवर बारीक समांतर ओरखडे असतात, ओल्या गिलाव्यावरून थापी फिरवल्यासारखे. ही घसरपृष्ठे. फुगलेली माती मातीवरूनच सरकल्याची ती खूण. इथे मुळे गोल नसतात. ढेकळांच्या फटीत सापडून चपटी झालेली, फितीसारखी दिसतात. हे सगळे निरोगी फुगणाऱ्या मातीतही असते, त्याला घाबरायचे कारण नाही.

घाबरायचे ते दुसऱ्या आकाराला. वरून गोलसर डोकी असलेले उभे खांब, डोक्यांवर राखाडी पांढरट भुकटी, आणि त्यांच्या आत मुळे जवळपास नाहीत, सगळी खांबांच्या फटींतून खाली गेलेली. असे दिसले तर सोडियमचा संशय जवळजवळ पक्का.

पांढरे ठिपके सरसकट ‘चुना’ म्हणून सोडू नका. ठिपक्यावर आम्लाचा थेंब टाका. फसफसले तर चुना. फसफसले नाही आणि चकाकणारा स्फटिक नखाने खरवडला गेला तर जिप्सम. शेलमधल्या पायराइटचे ऑक्सिडेशन होऊन आम्ल बनते, ते चुन्याशी भिडले की जिप्सम तयार होते, म्हणून या मातीत ते फुकट सापडते. किती खोलीवर सापडले ते लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

शेवटी शेल. आधी पातळ पापुद्रे मातीत विखुरलेले दिसतात, मग पापुद्रे अर्ध्याहून जास्त होतात, मग सलग पातेदार खडक. तो फावड्याने कापला जातो, पण मुळे त्यात शिरत नाहीत. त्याच्या पाठीवर चटईसारखी पसरतात किंवा एखाद्या फटीतून उतरतात. ती खोली मोजा. ५० सेंटिमीटरच्या आत शेल म्हणजे उथळ, ५० ते १०० म्हणजे मध्यम खोल. अमेरिकी मृदा सर्वेक्षणात सॅमसिल ही माती पहिल्या गटात आणि पिअर दुसऱ्या गटात येते. एकाच टेकाडावर या दोन्ही हातभर अंतराने लागू शकतात, म्हणून माथ्यावरच्या खड्ड्याचा निकाल उतारावर लावू नये.

पेल्यातला खडा

ही चाचणी फुकट आहे आणि प्रयोगशाळेच्या अहवालाआधी करायची आहे.

१. प्रत्येक खड्ड्यातून ०–५, ५–१५, १५–३० आणि ३०–६० सेंटिमीटर थरांतले ढेकूळ घेऊन सावलीत पूर्ण वाळवा.
२. प्रत्येकातून ३ ते ५ मिलिमीटरचे तीन खडे तोडा. दाबून किंवा वळून गोळी करू नका.
३. काचेच्या पेल्यात पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. नळाचे किंवा विहिरीचे पाणी चालत नाही. त्यातले क्षार सोडियमची करामत, म्हणजे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सोडवणे, झाकतात आणि निकाल खोटा चांगला येतो.
४. खडे हळूच सोडा आणि पेला हलवू नका. १० मिनिटांनी, २ तासांनी आणि २० तासांनी पाहा.

खडा फुटून तळाशी बारीक तुकड्यांची रास झाली पण पाणी स्वच्छ राहिले, तर ते फक्त ढासळणे, म्हणजे घडण कमकुवत, सेंद्रिय पदार्थ कमी. खड्याभोवती दुधासारखे धुके आले आणि ते तळाशी पसरत गेले, तर ते विखुरणे. तिथे कण एकमेकांपासून सुटले आहेत आणि पावसात हेच कण खालच्या छिद्रांत जाऊन बूच मारतात. दोन्हीला ‘माती विरघळली’ म्हणणे ही या कामातली सर्वांत महाग चूक, कारण पहिल्यात जिप्समने फारसे काही होत नाही आणि दुसऱ्यात नुसत्या खताने.

ज्यांत धुके आले नाही त्या थरांची आणखी एक फेरी करा. माती ओली करून चांगली मळा, ५ मिलिमीटरची गोळी करून पाण्यात सोडा. न मळलेला खडा स्वच्छ आणि मळलेली गोळी धुकट, असे झाले तर मातीची रसायनशास्त्राची तक्रार थोडी, खुरांची आणि चाकांची जास्त. ओल्या मातीवर जनावरे फिरली म्हणजे तुम्ही हातात जे मळले तेच त्यांनी हेक्टरभर केले.

एक फसगत लक्षात ठेवा. मातीत विद्राव्य क्षारही खूप असतील तर सोडियम असूनही खडा स्वच्छ राहतो. पाऊस क्षार धुऊन नेतो, सोडियम मागे राहतो आणि मग विखुरणे सुरू होते. म्हणून संशय असेल तर तेच खडे असलेले पाणी निथळून नवे पावसाचे पाणी हळूच घाला आणि पुन्हा एक रात्र थांबा.

अहवालातले आकडे

संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, ईसी (क्षार दाखवणारी विद्युतवाहकता) ४ डेसीसायमन प्रति मीटर किंवा जास्त म्हणजे खारवट. विनिमययोग्य सोडियम १५ टक्के किंवा जास्त, अथवा एसएआर (अर्कातल्या सोडियमचे कॅल्शियम-मॅग्नेशियमशी गुणोत्तर) १३ किंवा जास्त म्हणजे चोपण. या अमेरिकी सीमा १९५४ पासून वापरात आहेत. ऑस्ट्रेलियात सोडियमची सीमा ६ टक्के धरतात, आणि फुगणाऱ्या मातीवर शुद्ध पावसाचे पाणी पडणार असेल तर हीच सीमा वास्तवाला जवळची. ८ किंवा १० टक्के सोडियम ‘मर्यादेत’ असूनही पेल्यात धुके दिसले तर पेल्यावर विश्वास ठेवा.

एकट्या सामूवर (पीएच) मात्र विसंबू नका. ‘चोपण म्हणजे सामू ८.५ च्या वर’ हे सोड्याच्या जमिनीला लागू पडते. शेलच्या मातीत सोडियम बहुधा सल्फेटच्या रूपात असतो, सामू ७.८ असतो आणि माती तरीही विखुरते.

ईसी १:५ पद्धतीची (एक भाग माती, पाच भाग पाणी) आहे की संपृक्त अर्काची, हे अहवालावर शोधा. एकाच नमुन्याचा १:५ आकडा बराच लहान येतो. तो ४ च्या सीमेशी ताडून ‘क्षार नाहीत’ म्हणणे चूक.

माथ्यावर वीतभर माती, खाली शेल

पेल्यात धुके नाही, क्षार नाहीत, पण ३०–४० सेंटिमीटरवर शेल. इथे दुरुस्ती नावाची गोष्ट नाही. पाणी साठवायला जागाच नाही आणि उतारामुळे नवी माती बनते त्या वेगाने वाहूनही जाते. विरळ गवत ही इथली प्रकृती आहे. नांगर किंवा रिपर (जमीन खोल फाडणारे दातेरी अवजार) घातला की शेलचे पापुद्रे वर येतात, दोन-तीन पावसांत त्यांचा चिखल होतो आणि उरलेसुरले गवतही जाते. चराई हलकी ठेवा, रस्ता आणि जनावरांची पायवाट माथ्यावरून नेऊ नका. इथले पैसे वाचवून खालच्या उतारावर घाला.

माती चांगली, पृष्ठभाग मेलेला

माळावरच्या ठिगळांत हे कारण सर्वांत जास्त वेळा निघते आणि सर्वांत कमी वेळा ओळखले जाते. खडा स्वच्छ, मळलेली गोळी धुकट, वर पपडी, पालापाचोळा नाही, शेजारच्या गवतात तोच थर दाणेदार.

पाणी खरेच मुरत नाही का, ते कड्याने मोजा. ३० सेंटिमीटर व्यासाचे, १५ सेंटिमीटर उंच लोखंडी कडे ५ सेंटिमीटर आत ठोका, भेगेवर बसवू नका. १.७७ लिटर पाणी ओता. त्याची उंची २५ मिलिमीटर होते. हे पहिले पाणी मोजायचे नाही, ते सूक्ष्म भेगांत जाते आणि दिशाभूल करते. दुसऱ्या दिवशी माती फुगल्यावर पुन्हा १.७७ लिटर ओता आणि वेळ लावा. भेगा मिटलेल्या अशा मातीत मुरण्याचा वेग तासाला १.५ मिलिमीटरच्याही खाली असू शकतो, म्हणजे २५ मिलिमीटरला १६–१७ तास. शेजारच्या गवतातल्या कड्यात ठिगळाच्या कितीतरी आधी पाणी संपले, तर फरक पृष्ठभागाचा.

पाणी मुरूनही गवत का सुकते, याचा हिशेब वेगळा आहे. समजा वरच्या १० सेंटिमीटरमध्ये दर चौरस मीटरला १२० किलो माती आहे, ती हवेत वाळून ८ टक्के ओलाव्यावर आली आहे आणि रोपांना पाणी मिळू लागते २५ टक्क्यांच्या वर. मधले १७ टक्के म्हणजे सुमारे २० लिटर, म्हणजेच २० मिलिमीटर पाऊस, मातीनेच पकडून ठेवला. मुळांच्या वाट्याला शून्य. १०–१२ मिलिमीटरच्या सरी वाळूच्या माळाला हिरवा करतात आणि या मातीला नुसते ओले करतात. म्हणून इथे एक-एक सर मुरवण्यापेक्षा ओल टिकवण्याला मोल आहे, आणि ती टिकते आच्छादनाने.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. ठिगळाला कुंपण घाला. तणाचे बी नसलेले वाळके गवत किंवा पेंढा हेक्टरी साधारण ४.५ टन पसरा. मोठे क्षेत्र असेल तर जमीन गोठलेली किंवा ठणठणीत कोरडी असताना तिथेच जनावरांना वैरण टाका. उरलेली काडी खुरांनी पपडीत रोवली जाते. हेच काम ओल्या जमिनीवर केले तर ठिगळ दुप्पट होते.

ओली म्हणजे किती, याला अंदाज नको. ५ ते १० सेंटिमीटर खोलीवरची चिमूटभर माती घेऊन तळव्यांत वळा. ३ मिलिमीटर जाडीची वळी न तुटता होत असेल तर जनावर, ट्रॅक्टर, कोणीही आत नाही. वळी त्या जाडीला येण्याआधीच तुटून भुगा झाली तर वाफसा आला. वर पपडी वाळलेली आणि खाली वळी होत असेल, तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान होते, कारण दिसायला माळ कोरडा असतो.

रिपर घालून खोल फाळणी करण्याचा मोह होतो. स्मेक्टाइटची माती स्वतःच दरवर्षी त्याहून खोल भेगाळते, तिला बाहेरून फाडण्यात फायदा थोडा. ओल्या मातीत रिपरचा दात भिंत घोटून काढतो, कोरडीत पाटीएवढी ढेकळे उचलतो, आणि एक-दोन ओल्या-कोरड्या फेऱ्यांत फट मिटते.

गवताची जात पाहिली तरी कळते. ग्रेट प्लेन्सच्या उत्तर भागात अशा मातीवर वेस्टर्न व्हीटग्रास आणि ग्रीन नीडलग्रास ही उंच, थंड ऋतूतली गवते असतात. सतत जड चराई झाली की त्यांची जागा बफेलो ग्रास आणि ब्लू ग्रामा यांची खुजी, दाट चटई घेते. माळ हिरवा दिसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण पाणी आत जाण्याचा वेग घसरलेला असतो. चटई आली की विश्रांतीने जुने गवत परत यायला वर्षे लागतात.

चोपण ठिगळ

खडा न मळताच धुकट, गोल डोक्यांचे खांब, एसएआर वर. इथे जिप्सम हवे, पण मोजून.

जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. १५ सेंटिमीटर खोलीसाठी, मातीची घनता १.३ धरून, दर १०० ग्रॅम मातीतला १ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला हेक्टरी सुमारे १.७ टन शुद्ध जिप्सम लागते. उदाहरण: सीईसी ४०, सोडियम १८ टक्के, तो ६ टक्क्यांवर आणायचा. फरक १२ टक्के, म्हणजे ४.८ मिलिइक्विव्हॅलंट, गुणिले १.७, म्हणजे जवळपास ८ टन. माल ८० टक्के शुद्ध असेल तर १० टन. ‘हेक्टरी अर्धा टन टाकून बघू’ यातून पपडी एखाद्या पावसापुरती मऊ होते, त्यापलीकडे काही नाही.

दुसरा हिशेब सहसा कोणी करत नाही. जिप्सम पाण्यात लिटरला सुमारे २.५ ग्रॅम विरघळते. एक मिलिमीटर पाणी हेक्टरवर १०,००० लिटर होते, ते २५ किलो जिप्सम विरघळवते. ८ टनांना किमान ३२० मिलिमीटर पाणी, आणि तेही मुरलेले, वाहून गेलेले नव्हे. कोरड्या माळावर तेवढे मुरायला दोन-तीन वर्षे सहज जातात. म्हणून मात्रा दोन हप्त्यांत द्या, दाणा २ मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारा घ्या, वरच्या ८–१० सेंटिमीटरमध्ये मिसळा, वर पेंढा पसरा. पहिल्या वर्षी फरक दिसला नाही म्हणून उपाय फसला असे नाही.

उपाय खरोखर फसतो तो निचरा नसताना. सुटलेला सोडियम सोडियम सल्फेट होऊन खाली जायला हवा. ३५–४० सेंटिमीटरवर शेल असेल तर तो आडवा सरकतो आणि पायथ्याशी पांढरा होऊन वर येतो. उथळ आणि चोपण अशी जोडी निघाली तर जिप्सम घेऊ नका. आच्छादन आणि कुंपण यावर थांबा.

खड्ड्यात ४०–५० सेंटिमीटरवर नैसर्गिक जिप्समचे स्फटिक दिसले असतील तर खोल नांगरटीने ते वर आणून मिसळता येते. सपाट, आधीच मोडलेल्या जमिनीवर हे करतात. जिवंत गवताच्या उतारावर नाही.

गंधकाचा पर्याय वजनाने स्वस्त: १ टन शुद्ध जिप्समच्या जागी सुमारे १९० किलो. पण मातीत चुना असेल, म्हणजे आम्लाने फसफसत असेल, तरच. आणि त्याचे आम्ल जिवाणू बनवतात, त्यांना ऊब आणि ओल लागते. कोरड्या थंड माळावर गंधक वर्षानुवर्षे पिवळेच पडून राहते.

पाणी अडवण्यासाठी चोपण उतारावर समतल चर खणू नका. चरात पाणी तुंबते, भेगेतून खाली उतरते, विखुरलेली माती सोबत घेऊन जाते आणि आत बोगदा तयार होतो. काही पावसांनंतर छत कोसळते आणि घळ उघडते. बांधातून गळणारे पाणी गढूळ दिसले तर तो याच प्रकाराचा पहिला इशारा.

पायथ्याशी ओल आणि पांढरा थर

ही जमीन पावसानंतर आठवडाभर ओली राहते, वाळली की पांढरी होते, ईसी ४ च्या बरीच वर. जिप्सम किंवा बी इथे टाकणे म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसणे. वरच्या भागात मुरलेले पाणी शेलवर येऊन थबकते, त्याच्या पाठीवरून आडवे वाहते, वाटेत क्षार गोळा करते आणि शेल जिथे उताराला छेदतो तिथे बाहेर येते.

गिरमिटाने पांढऱ्या जागेपासून वर चढत दर २०–३० मीटरवर भोके घ्या आणि ओली माती किती खोलीवर लागते ते टिपा. वरच्या अंगाला पडीक ठेवलेले शेत, गळका तलाव किंवा रस्त्याचा चर बहुधा सापडतोच. उपचार तिथे: पडीक शेतात अल्फाल्फासारखे खोल मुळांचे बहुवर्षायू पीक, तलावाची गळती बंद, चराचे तोंड दुसरीकडे. वरची ओल तुटली की पायथ्याचे क्षार पाऊसच खाली नेतो. तोवर तिथे जनावरे नकोत.

पिवळे डाग, आंबट शेल

रस्ता, तलाव किंवा पाइपसाठी ताजा काळा शेल उकरला आणि त्या ढिगावर काहीच उगवत नसेल, तर पायराइट तपासा. नमुन्याचा सामू घ्या, मग तो ओलसर ठेवून ८ ते १६ आठवड्यांनी पुन्हा घ्या. सामू ४ च्या खाली उतरला तर निदान झाले. पायराइटमधला गंधक १ टक्का असेल तर १५ सेंटिमीटर थराला हेक्टरी सुमारे ६१ टन शुद्ध चुना लागतो. एवढ्या चुन्यापेक्षा तो ढीग परत गाडून वर ५०–६० सेंटिमीटर चांगली माती टाकणे सोपे. पुढच्या वेळी वरची माती आणि काळा शेल यांचे ढीग वेगळे लावा.

उकरलेल्या शेलबाबत सेलेनियमचेही भान हवे. ग्रेट प्लेन्सवर जनावरांचे केस गळणे आणि खूर तडकणे हे आधी ‘खारट पाण्याचा रोग’ मानले जाई. १९३० च्या दशकात त्यामागे चाऱ्यातले सेलेनियम असल्याचे कळले. चाऱ्याच्या कोरड्या वजनात किलोला ५ मिलिग्रॅमच्या वर ते सतत खाण्यात आले तर धोका. हा प्रश्न माती सुधारून सुटत नाही. चारा तपासा आणि कुरण बदला.

बी टाकताना

कारण दूर होण्याआधी टाकलेले बी वाया जाते. नंतर टाकायचे तर वेस्टर्न व्हीटग्रासचे हेक्टरी साधारण ९ ते ११ किलो शुद्ध जिवंत बियाणे, खोली १ ते २ सेंटिमीटर. जास्त खोल गेले तर पपडी फोडून कोंब वर येत नाही. ग्रीन नीडलग्रासच्या बियाला थंडी लागते, म्हणून ते हिवाळ्याच्या तोंडावर, जमीन गोठण्याआधी पेरा. वसंतात पेरलेले बरेचसे वर्षभर निजून राहते. पेरणीनंतर रोलर फिरवायचा तो वळीची चाचणी करूनच.

कुंपण कधी काढायचे हे तारखेवर ठरवू नका. ठिगळात वेगवेगळ्या जागी वीस रोपे बोटांत धरून, जनावर ओढते तशी झटक्याने वर ओढा. पाने तुटून हातात आली तर मूळ बसले. दोन-तीनपेक्षा जास्त रोपे मुळासकट उपटली गेली तर कुंपण आणखी एक हंगाम राहू द्या.